अण्णांची दुबईतली खूण

सोपानअण्णा माझ्या छापखान्यात आले की आधी केराच्या टोपलीकडे जायचे, रामराम नंतर. टोपलीत त्यांच्या लेबलाचा एखादा बिघडलेला कागद दिसला की तो चुरगाळून खिशात कोंबायचे आणि घरी नेऊन चुलीत घालायचे. एकदा मी वैतागून म्हणालो, "अण्णा, शाई सांडलेला कागद कोण चोरतंय?" माझ्याकडे रोखून बघत ते म्हणाले, "चोर काय तोंडावर लिहून फिरतो का बे?" त्या वेळी छापखान्यात मी एकटाच होतो!

सिरसाळ्यात आमची घरं शेजारी. अण्णांच्या घरात मेंढरं राखायचं काम. पुढं कळप कमी झाला, अण्णांचे गुडघे गेले आणि अनसाकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, येसरानं घर सावरलं. धान्यं आणि मसाला भाजून दळलेली ही पूड आमटीत पडली की गल्लीभर वास सुटायचा. आपल्याकडची पोरं दुबईला कामाला गेली आणि त्यांच्यामागं येसरही गेलं. पाकिटावर नाव असं नव्हतंच. नुसतं ‘येसर’ आणि वर मेंढीचा कान, त्याच्या कडेला दोन काप. अण्णांच्या मेंढरांच्या कानाला हीच खूण असायची. तिकडची पोरं दुकानात जाऊन "कानवालं द्या" म्हणायची.

संशय म्हणजे काय, तर अण्णा फोन लावून स्वतः गप्प बसायचे. समोरच्यानं आधी बोलायचं. आवाज ओळखीचा वाटला तरी विचारायचे, "तूच कशावरून?" काकू म्हणायच्या, "माझ्या हातचा चहा बी वास घेऊन पितेत. चाळीस वर्सं नांदले, अजून इस्वास न्हाई." हे सांगताना त्या हसायच्या, हे विशेष.

मीच त्यांच्या मागं लागून त्यांना संभाजीनगरच्या एका वकीलबाईंकडे नेलं. बाईंनी नीट समजावलं : इथं नोंद केली तरी ती इथल्यापुरतीच. माल दुबईत विकता, तर चिन्ह तिथंही नोंदवायला हवं. दुसऱ्यानं आधी नोंदवलं, तर तुमचाच माल नकली ठरेल. अण्णा मान डोलवत होते. मग बाई म्हणाल्या, "अर्ज झाला की चिन्ह तिथं जाहीर करतात. कुणाची हरकत असेल तर ती घेता यावी म्हणून." झालं! अण्णांची मान थांबली. बाईंनी नमुन्याला पाकीट मागितलं, तर म्हणाले, "संपलंय." पिशवीत चार पाकिटं होती, मी डोळ्यांनी बघितली होती. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "हिला कुणी पाठवलंय, बघ जरा."

तरी चित्र त्यांनी दिलं. बंद लिफाफ्यात, स्वतः जाऊन, मला न सांगता. यथावकाश दुबईतली नोंद झाली. तिचा कागद अण्णांनी ट्रंकेत घातला आणि किल्ली करदोऱ्याला बांधली. मला वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

बरीच वर्षं सुरळीत गेली आणि एक दिवस दुबईच्या बंदरात अण्णांचा माल अडला. तिथला त्यांचा दुकानदार, मूळचा आपल्याच भागातला, मोठा गोडबोल्या माणूस. त्यानं कानाचं चिन्ह स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. आत भलताच मसाला भरून तो ‘कानवालं’ विकत होता, आणि अण्णांचं खरं येसर तिथं नकली ठरलं होतं.

अण्णा छापखान्यात आले. दार लोटलं आणि म्हणाले, "माणिक, कानाचं चित्र त्याला कुणी दिलं?"

माझं टाळकंच सरकलं. "अहो, दर पाकिटावर छापून तुम्हीच पाठवताय की त्याला! मी कशाला देऊ?"

"छापतोस तूच की."

मला ते फार लागलं. इतक्या वर्षांच्या शेजाराची ही किंमत? मी म्हणालो, "उद्यापासून दुसरीकडे छापा." त्यांनी खरंच दिंद्रुडला दुसरा छापखाना गाठला. आमचं बोलणं बंद झालं. काकू मधल्या भिंतीवरून कालवणाची वाटी द्यायच्या आणि डोळ्यांनीच ‘जाऊ द्या’ म्हणायच्या.

शेवटी अण्णाच आले. वकीलबाईंनी नोंदीचा मूळ कागद मागवला होता आणि एकट्यानं जायचा धीर होईना. "तुझ्यावर संशय हाय, पण बाकीच्यांवर लई हाय," म्हणाले.  गेलो.

बाईंनी कागद उघडला आणि चष्मा पुसून परत बघितला. "अण्णा, हे तर शिंग आहे. कान कुठंय?" पाकीट त्यांनी तेव्हा पाहिलंच नव्हतं; अण्णांनी दिलं तेच चित्र पुढं पाठवलं होतं.

"कान काहून देईन? ती माझी खरी खूण हाय." अण्णा ताठ बसले. "मेंढरू हरवलं की मालकानं आधी खूण बोलायची नसती. बोलला तर चोर तीच पाठ करून येतो. भांडण लागलं, पंच बसले, की मग सांगायची. आता लागलंय भांडण. आता लिवून घ्या, कान माझा हाय."

  बाई हळू आवाजात म्हणाल्या, "अण्णा, तिथं उलटं असतं. जो आधी सांगतो, त्याचं ऐकतात."

कान आधीपासून तुमचाच होता, हे दाखवायला काय आहे, असं त्यांनी विचारलं. काहीच नव्हतं. बिलावर खूण टाकू दिली नव्हती, बोलणं सगळं फोनवर, आणि तिकडची कागदपत्रं दुकानदाराच्या नावाची. बाईंनी हरकत घेतली, पण आशा धरू नका म्हणून स्पष्ट सांगितलं. "शिंग मात्र तुमचं आहे. पण नोंद करून ट्रंकेत ठेवली म्हणजे ती टिकत नाही. सलग काही वर्षं वापरली नाही, तर कुणीही अर्ज करून ती काढून टाकू शकतं. मुदत संपायच्या आत नूतनीकरणही करावं लागतं. घरी जाऊन पहिलं काम, शिंग छापा."

येताना एसटीत दिंद्रुड मागं पडल्यावर अण्णा म्हणाले, "चोराला फसवायला दिलतं ते शिंग." सिरसाळ्यात उतरल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तूच छाप." त्यांच्याकडून माफी एवढीच मिळायची होती. मी ती घेतली.

शिंगवालं येसर दुबईला गेलं आणि तिथल्या दुसऱ्या एका दुकानात पडून राहिलं. शेजारच्या फळीवर कानवालं होतं, पोरं सवयीनं तेच उचलायची. काकूंच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, "मावशे, पोरं म्हणतेत, येसराची चव गेली. तुमीच बिघडवलं म्हणतेत." काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्या रडलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा एसटी स्टँडवर बसायला लागले. बॅगा घेऊन निघालेलं पोरगं दिसलं की त्याला अडवायचे. "कुठं निघालास, बाबा? दुबई? हे बघ, आपलं येसर. शिंग हाय, नीट बघ. कान दिसला तर घिऊ नको." ओळख ना पाळख, हातात पाकीट द्यायचे. पोरं बिचकायची. काही जण पिशवी छातीशी धरून बाजूला सरकायचे. म्हातारा काय खपवतोय, म्हणून त्याच्याकडंच संशयानं बघायचे.

गेल्या उन्हाळ्यात अंबाजोगाईच्या दवाखान्यात ते वारले. आदल्या दिवशी मी भेटायला गेलो, तर शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाला पाकिटावरचं शिंग दाखवत म्हणत होते, "तुमचं कुणी हाय का दुबईला? न्हाई? असू द्या. तरी बघून ठेवा."