नळीच्या तोंडावरची खळी

कल्याणच्या बाजारातल्या काष्ठौषधे विकणाऱ्या एका शेठने माझ्या मालाला चारचौघांत उष्टे म्हटले, हे मी अजून विसरलेलो नाही. विसरायची इच्छाही नाही.

तेव्हा मी कोपरीला राहत होतो. मिठागरात राबलो होतो, त्यामुळे ओठ फुटणे म्हणजे काय ते मला ठाऊक होते. खारट बोटाने ओठांना तेल लावले की डोळ्यांत पाणी येई. म्हणून मी पोळ्याचे मेण आणि कोकमाचे तेल एकत्र वितळवून बोटभर लांबीच्या बांबूच्या नळ्यांत ओतू लागलो. खालून काडीने ढकलायचे, वर आलेले मेण ओठांवर फिरवायचे. बोट लावायचे कामच नाही. मिठागरातल्या लोकांनी नळ्या हातोहात नेल्या. मग मी कल्याण गाठले.

शेठने नळी उघडून आत डोकावले. "यात कोणाचे बोट गेले आहे?"

"बोट नव्हे शेठ. मेण निवताना मधोमध खचते, खळी पडते."

"खळी गालाला शोभते रे! ओठांना लावायची वस्तू, आणि कोणीतरी आधीच चाखलेली. उष्टा माल माझ्या दुकानात नको."

गिऱ्हाइके हसली. मी त्याला नको नको ते बोललो आणि पिशवी उचलून बाहेर पडलो. पण पायरी उतरतानाच ठरवले, माझी नळी लागेल तर याच फळीवर.

घरी येऊन खळीत पुन्हा मेण ओतले. ते झाकणासारखे सुटून आले. सुरीने सपाट करायला गेलो तर ओरखडे उठले. संतापून मी चार नळ्या भिंतीवर फेकल्या. बायकोने त्या वेचल्या.

"अहो, भिंतीचे ओठ फुटले नाहीत," ती म्हणाली. "भात शिजला की आपण झाकून मुरू देतो ना? तुम्ही मेण ओतता नि लगेच वाऱ्यावर ठेवता. कडेने थिजणार, मध्ये खचणारच."

मी परातीत वाळू तापवली, नळ्या तीत उभ्या रोवल्या, तोंडाशी मेण किंचित जास्त भरले आणि वर दुसरी परात पालथी घातली. मेण सावकाश निवले. खळी जवळजवळ गेली, पण पृष्ठभाग खडबडीतच राहिला. बायको लुगड्याच्या चुण्या मोडायला लोट्यात निखारे भरीत असे. तो लोटा मी नळीवर धरला. पहिल्यांदा टेकला आणि मेण काळे झाले. दुसऱ्यांदा श्वास रोखून केसभर वर धरला. वरचा पापुद्रा वितळला आणि थाळीतल्या पाण्यासारखा सपाट बसला. तशा सगळ्या नळ्या केल्या, एकही सोडली नाही.

पिशवी घेऊन मी पुन्हा कल्याणला त्याच दुकानात गेलो. शेठने नळी उजेडात धरली, तिरपी केली, नखाएवढीही खोट सापडेना. शेवटी खात्री करायला त्याने वर अंगठा दाबला.

"झाली उष्टी," मी म्हणालो. "ही आता तुमचीच, शेठ."

गिऱ्हाइके पुन्हा हसली, पण या वेळी माझ्याकडे पाहून नाही. शेठने ती नळी कनवटीला लावली आणि बाकीच्या फळीवर मांडल्या. चुकलो, असे मात्र तो म्हणाला नाही. मग मीही सोडले नाही. पुढे जितक्या खेपा माल नेला, तितक्या वेळा पहिली नळी उघडून त्याच्यापुढे धरली आणि म्हणालो, "डोळ्यांनी बघा, शेठ. बोट आवरा."