शून्य तक्रारींची फाइल

राजापेठेत एका शिकवणी वर्गाच्या वरच्या खोलीत राहून मी साडेतीन वर्षं पीएचडी केली. सॉफ्टवेअरमध्ये पुढे दोष कुठे निघणार, हे कोडच्या मोजमापांवरून आधीच ओळखायचं, हा विषय. फाइल किती ओळींची, अटीच्या पोटात अटी किती, कितीदा बदलली, हे मोजायचं आणि दोष इथे निघेल म्हणून बोट ठेवायचं. खाली पोरं सूत्रं घोकायची. वर मी आठ-आठ दिवस चहावाल्याखेरीज कोणाशी बोलत नसे. गावी, तिवशाला, बाबा भाजीपाला पिकवतात. फोनवर म्हणायचे, "दुसऱ्याच्या वावरातलं तन मोजून तुले का भेटून राह्यलं बे?" मी हसण्यावारी न्यायचो आणि फोन ठेवून परत मोजायला बसायचो.

अभ्यासाला मी खुले प्रकल्प घेतले होते. त्यांचा कोड आणि त्यावरच्या तक्रारी कोणालाही वाचता येतात. त्यातला एक अगदी लहान, पक्षी पाहणाऱ्यांना नोंदी ठेवण्यासाठी परदेशातल्या एका माणसाने बऱ्याच वर्षांपूर्वी एकट्याने लिहिलेला. त्यातल्या तारखा सांभाळणाऱ्या फाइलवर माझ्या गणिताने सगळ्यात मोठा धोका दाखवला. तक्रारी मात्र शून्य. अकोल्याला जाऊन मार्गदर्शक सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, "दोष दाखवा, नाहीतर प्रबंधातून हे प्रकरणच काढा. परीक्षक इथेच पकडतील." वर्षभराची मेहनत त्या एका फाइलवर येऊन अडली.

मी हट्टाला पेटलो. फाइल ओळ न् ओळ वाचली. चौथ्या दिवशी दोष सापडला: एकोणतीस फेब्रुवारीची नोंद यादीतून सरळ गळून जात होती. आनंद इतका झाला की कोणाला तरी सांगायला धावत खाली गेलो. वर्गाला सुट्टी होती. मग परत वर येऊन त्या लेखकालाच तक्रार लिहिली.

दुसऱ्याच सकाळी त्याचं उत्तर आलं. दोष मान्य होता, दुरुस्तही केला होता. खाली लिहिलं होतं, हे कोणी वापरत असेल असं मला वाटलंच नव्हतं. तुमच्याकडे कोणते पक्षी दिसतात?

मी ते चार वेळा वाचलं. असं काही मला कित्येक महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. समोरच्या तारेवर बुलबुल बसतो, एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण मी पडलो संशोधक! मी हे वापरत नाही, फक्त कोड मोजला, असं सविस्तर लिहिलं आणि वर आलेखही जोडला.

त्यावर उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी प्रकल्पाच्या पानावर सूचना दिसली, यापुढे देखभाल बंद.

तक्रार करायला आधी वापरणारं कोणी लागतं, हे माझ्या मोजमापांत कुठेच नव्हतं. सरांनी अभिनंदन केलं, प्रकरण टिकलं, ती फाइल 'अचूक भाकीत' म्हणून प्रबंधात गेली. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. इतक्या वर्षांत त्या माणसाला एक वापरणारा मिळाला होता, आणि तो मी त्याच दिवशी काढून घेतला.