तोरिकाचं प्रेशर

आमच्या बेटावरच्या गावात प्रेशर, म्हणजे रक्तदाब, असणं हा मोठ्या माणसांचा मान आहे. चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसणाऱ्या बहुतेकांना ते आहे. प्रार्थना संपली की बाहेर आंब्याखाली उभं राहून एकमेकांना आकडे सांगतात. एकाने सांगितला की दुसरा त्याच्या वरचा सांगतो, आणि ज्याचा सगळ्यात मोठा तो खूश होऊन जेवायला घरी जातो. जेवण म्हणजे डब्यातलं खारं मांस, नारळाच्या दुधातलं अळू, आणि वरून पुन्हा मीठ. तोरिकाला प्रेशर झालं तेव्हा मात्र कुणी ते मानायलाच तयार नव्हतं. एवढीशी पोर, तिला कसलं आलंय प्रेशर!

तोरिका माझी भावजय. माझा भाऊ किटिओने, त्याची बायको. ती नदीच्या वरच्या अंगाची, डोंगरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला पोहता यायचं ते नदीत, आणि समुद्राचं पाणी तोंडात गेलं की थू थू करत बसायची. मी तिला म्हणायचे, "अगं डोंगरातल्या, हा समुद्र आहे, तुझ्या बापाची विहीर नाही." ती म्हणायची, "नणंदबाई, म्हणूनच इथली माणसं इतकी खारट." आमच्यात नणंद-भावजयीने एकमेकींची टर उडवायची असते. नाही उडवली तर लोक विचारतात, काय गं, भांडलात का? तोरिकाने ते पहिल्या दिवसापासून मनावर घेतलं. हसायला लागली की किनाऱ्यावरच्या होड्यांपर्यंत ऐकू जायचं. केवड्याच्या पातीची चटई अशी विणायची की माझी आई, जी कुणाचं कौतुक करत नाही, ती ती चटई पाहुण्यांना मुद्दाम उलटी करून दाखवायची.

भावाशी माझं नातं बरोबर उलटं. बहीण-भाऊ वयात आले की समोरासमोर बोलत नाहीत, एकमेकांचं नावही घेत नाहीत. काही सांगायचं असेल तर तिसऱ्याच्या तोंडून. त्यातून भावाच्या बायकोचं दुखणंखुपणं, तिचं बाळंतपण, हे तर बहिणीच्या तोंडी येताच कामा नये. किटिओने आणि मी एकाच घरात वाढलो आणि कित्येक वर्षांत मी त्याच्या डोळ्यांत बघितलेलं नव्हतं. मला हे चुकीचं कधी वाटलं नव्हतं. आता वाटतं.

तोरिकाचे दिवस भरत आले तेव्हा तिचे पाय सुजले. आई म्हणाली, मुलगा होणार. डोकं दुखायला लागलं. आईने पाला वाटून कपाळाला लावला. मग एका सकाळी चुलीपुढे तिला झटका आला, दातखीळ बसली. किटिओनेने होडीत घालून तिला शहरात नेलं आणि तिथे पोट चिरून मुलगी काढली. सेरा. दोघी जगल्या.

तिथल्या डॉक्टरीणबाईने तोरिकाला समोर बसवून सांगितलं होतं. बाळ झालं म्हणून प्रेशर गेलं असं समजू नकोस. काहींचं जातं, काहींचं राहतं, तुझं राहिलंय. रोज गोळी. अंगावर पाजत असलीस तरी घ्यायची, बाळाला काही होत नाही. मनाने बंद करायची नाही. मीठ कमी. दर महिन्याला तपासणी. तोरिकाने हे सगळं मला सांगितलं, कारण घरात दुसऱ्या कुणाला ऐकायला वेळ नव्हता. सगळे बाळाचं नाक कुणासारखं आहे ते बघत होते.

एक गोष्ट खरी. बाळंतिणीला जपण्यात आमच्या बायकांना नावं ठेवायला जागा नाही. तोरिकाला कुणी हंडा उचलू दिला नाही. माशांचं पातळ कालवण दूध येण्यासाठी रोज कुणाच्या तरी घरून यायचं. तिचे कपडे दुसऱ्या धुवायच्या. गाव तिच्या पायाशी होता म्हणा ना. आणि त्याच गावाने तिची औषधं खाल्ली.

सुरुवात लोसालीनी मावशीने केली. आईची थोरली बहीण, विधवा, चर्चमध्ये पहिला बाक. ती बाळाला बघायला आली, बाळाला ओवाळून पैसे टाकावेत तसं दोन गोड शब्द टाकले, आणि म्हणाली, "तोरिका, बाळा, ती तुझी प्रेशरची गोळी दे गं जरा. माझ्या संपल्यात. औषधाची बोट येईपर्यंत."

तोरिका म्हणाली, "मावशी, मला रोज घ्यायला सांगितलंय."

"अगं, तुझं बाळंतपणाचं होतं. बाळ बाहेर, प्रेशर बाहेर. माझं खरं आहे."

आमच्यात मागितलेली वस्तू नाकारत नाहीत. त्याला केरेकेरे म्हणतात. कोयता मागितला, द्यायचा. होडीचं पेट्रोल मागितलं, द्यायचं. अंगातला सदरा आवडला म्हणाला कुणी, तर काढून द्यायचा. नाही म्हणणारा माणूस कद्रू, आणि नाही म्हणणारी सून म्हणजे तिच्या माहेरच्यांचीही लाज. तोरिकाने पाकीट पुढे केलं. मावशीने दोन-चार नाही घेतल्या, अख्खी पट्टी घेतली.

मग मावशीचा दीर आला. मग पाद्रीबाई आल्या. त्यांनी मागताना आधी प्रार्थना केली. मावशीच्या स्वतःच्या गोळ्या गेल्या कुठे, हे मी शोधून काढलं. त्या तिने शेजारच्या गावातल्या आतेबहिणीला दिल्या होत्या, कारण तिनेही मागितल्या. आणि मावशी गोळ्या घ्यायची तरी कशी? जेवणावळ असेल त्या दिवशी दोन, डोकं हलकं असेल त्या दिवशी एकही नाही. असल्या बाईच्या पोटात माझ्या भावजयीचा जीव जात होता.

मी तोरिकाला म्हटलं, "तोंड नाही का तुला? माझ्यापुढे तर कात्रीसारखं चालतं. सांग ना म्हातारीला, नाही म्हणून."

"तुम्ही सांगा, नणंदबाई. तुमची मावशी."

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मोठ्या माणसांना औषध नको द्यायला? आणि तिला काय धाड भरलीय, हसतेय तर." हसणाऱ्या बाईला आजार नसतो, हे आमच्या आईचं वैद्यक. मी म्हटलं, मग निदान किटिओनेच्या कानावर घाल. आई म्हणाली, "बाळंतिणीच्या भानगडी पुरुषांना सांगतात का?" तिने काही सांगितलं नाही. तोरिकाही नवऱ्याकडे बोलली नाही, सासरच्या मोठ्यांची तक्रार सुनेने करायची नसते.

चार गावांना मिळून एक नर्स, सिस्टर वासिती. ती आली, तिने दंडाला पट्टा बांधला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "गोळ्या घेतेस ना रोज?" तोरिका खाली बघून म्हणाली, हो. दुसरं काय म्हणणार? शेजारच्या चटईवर मावशी बसली होती. मोठ्यांचं नाव घेऊन ह्यांनी खाल्ल्या असं म्हणायची आमच्यात सोय नाही. मी तोंड उघडलं तर आईने माझ्या मांडीला चिमटा काढला. नर्सला वाटलं गोळी कमी पडतेय, म्हणून तिने वाढवून दिली. मावशी केवढी खूश झाली! "या खेपेला बऱ्याच दिल्या वाटतं," म्हणाली, आणि सिस्टर होडीत चढायच्या आत तिने हात पुढे केला. तो हात मला अजून दिसतो आणि अजून माझं डोकं फिरतं.

सेरा रांगायला लागली तोवर हे असंच चाललं. तोरिकाला महिन्यातले थोडे दिवस गोळ्या मिळायच्या आणि बाकीचे दिवस डोकेदुखी. तिचं हसणं कमी झालं नव्हतं. ते चांगलं लक्षण नव्हतं हे मला आता कळतं, ती आमच्यासाठी हसायची.

एका दुपारी ओहोटीला आम्ही बायका खडकांवर शिंपले काढत होतो. तोरिका सरळ झाली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नणंदबाई, तुमचं तोंड अर्धंच दिसतंय."

मी म्हटलं, "बरं आहे की. चांगलं अर्धं बघ."

ती हसली नाही. तिच्या डाव्या हातातून टोपली सुटली आणि तो हात तसाच लोंबत राहिला. मग ती ओकली. आम्ही तिला उचलून आणलं. सिस्टर वासिती नशिबाने गावात होती. तिने पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला, आणि म्हणाली, "होडी काढा. आत्ता."

होडी किटिओनेची, आणि किटिओने सभाघरात. तिथे पुरुष यांगोना, मुळं कुटून केलेलं झिंग आणणारं पेय, पीत बसले होते, मधे मोठा लाकडी कटोरा, मानाच्या जागी सरपंचकाका. तिथून बाईला जायचं असेल तर वाकून, गुडघ्यांवर, माफी मागत जावं लागतं. मी दारातून ताठ उभी आत गेले. कटोऱ्यापर्यंत गेले.

"किटिओने, ऊठ."

करवंटी तोंडाला लावलेला माणूस तसाच थांबला. बहिणीने भावाचं नाव घेतलं, तेही उभं राहून.

"पोरी, खाली बस," सरपंचकाका म्हणाले.

"नाही बसत. किटिओने, तुझी बायको मरतेय. बाळंतपणापासून तिला प्रेशर आहे, गेलेलं नाही. रोज गोळी लागते. ती गोळी या गावातल्या म्हाताऱ्यांनी खाल्ली, मागून मागून खाल्ली. इथेही बसलेत दोघे. होडी काढ."

माझा भाऊ जमिनीकडे बघत होता. सवयीने. मग त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, आणि मला त्याच्या डोळ्यांचा रंग आठवला. तो कटोरा ओलांडून बाहेर पळाला. आमच्यात कटोरा ओलांडत नाहीत.

शहरात पोचल्यावर कळलं, मेंदूतली बारीक नस फुटली होती. डॉक्टरीणबाईने किटिओनेला फैलावर घेतलं. बाळ झाल्यावर प्रेशर राहतं हे तुला सांगितलं नव्हतं? त्याला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना बोलायची बंदी होती, आणि ज्यांना बोलता येत होतं ते गोळ्या गिळत होते. येताना होडीत तो एका टोकाला बसला, मी दुसऱ्या टोकाला, मधे तोरिका आडवी. तो सगळा वेळ रडत होता.

तोरिका वाचली. डावा हात आळशी झाला आहे. बोटं पातीवर ठेवली तर राहतात, पण पात घट्ट ओढत नाहीत. तिच्या चटईची कड आता सैल येते. आई ती चटई उलटी करून कुणाला दाखवत नाही.

मग माफ्या झाल्या. आधी माझी. मी सभाघरात उभी राहिले म्हणून आईने पुरुषांपुढे यांगोनाची मुळं ठेवली, मान खाली घालून माझ्या वतीने बोलली. दोन दिवसांनी मावशी देवमाशाचा दात घेऊन तोरिकापुढे बसली. तो पुढे आला की माफ करावंच लागतं. तोरिकाने उजव्या हाताने तो स्वीकारला. सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले. माझं उभं राहणं आणि तिचं गोळ्या खाणं, दोन्ही पापं एकाच तागडीत घालून गावाने हिशेब मिटवला.

महिना गेला असेल. रविवारी चर्चनंतर मावशी आमच्याकडे जेवायला आली. तोरिकासाठी बिनमिठाचं अळू वेगळं ठेवलं होतं, त्यावर मावशीने नाक मुरडलं. पोटभर जेवली. मग पाय पसरून म्हणाली, "तोरिका, शहरातून तुला बऱ्याच दिल्या म्हणे. नवीन आहेत ना, चांगल्या असतील. एक पट्टी दे गं."

मी उठणार होते. तोरिकाने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी बसले.

"नाही, मावशी," ती म्हणाली.

"काय?"

"नाही. मला रोज लागतात. तुम्ही सिस्टरकडे जा, त्या तुम्हाला तुमच्या देतील."

"अगं, पण मी मागतेय!"

"हो. आणि मी नाही म्हणतेय."

मावशीने आईकडे बघितलं. "उनाइसी, ऐकलंस तुझ्या सुनेचं?"

आईच्या हातात कसावाचं ताट होतं. तिने ते खाली ठेवलं. "ऐकलं," म्हणाली. एवढंच. पण तिने तोरिकाला पट्टी काढायला सांगितलं नाही, आणि किटिओने जेवत होता तो जेवत राहिला.

मावशी तणतणत निघून गेली. चर्चच्या आंब्याखाली ती आता सांगत असते, डोंगरातली ती डोंगरातलीच, कद्रू, देवमाशाचा दात घेऊनही मन मोठं झालं नाही. काही बायका मान हलवतात. आमच्याकडून आता कुणी औषध मागत नाही, फारसं दुसरंही काही मागत नाही, म्हणजे देणंघेणंच तुटलं, आणि आमच्या गावात ही साधी शिक्षा नाही. मावशी तर आमचा उंबराच चढत नाही. न का चढेना. सेराला आई आहे.