माझ्या हातांवरून उडालेले चार बॉल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझं सगळंच ठाऊक असतं. मग तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही.

मेलबर्नमध्ये, ट्रुगानिनाजवळच्या एका हौशी क्लबात आम्ही अमेरिकन फुटबॉल खेळायचो. क्लबात मराठी दोघंच, मी आणि निखिल. युनिव्हर्सिटीपासूनचे मित्र. तो क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा. मी पळत जाऊन झेलणारा. तो मला मराठीत ओरडून सांगायचा कुठे पळायचं ते, आणि समोरच्यांना ओ की ठो कळायचं नाही. त्याचा काय आनंद व्हायचा आम्हाला!

मग कोविड आला, सीझन रद्द झाला. निखिलचे बाबा साताऱ्यात वारले आणि इथे विमानं बंद. अंत्यविधी त्याने फोनवर पाहिला. त्यानंतर रोज दुपारी, लॉकडाऊनमध्ये व्यायामाची परवानगी असलेल्या त्या एका तासात, आम्ही पार्कात भेटायचो. तो फेकायचा, मी झेलायचो. बोलायचा फारसा नाही. पुढच्या सीझनला बघ, एवढंच म्हणायचा.

त्याच दिवसांत कोचने मला काम दिलं — नोकरीत मी डेटावाला ना! क्वार्टरबॅक दोन, निखिल आणि डीन. जागा एक. फोनवर घेतलेली जुनी रेकॉर्डिंग्ज बघायची आणि कोण किती फेकींमागे किती इंटरसेप्शन देतो, म्हणजे बॉल समोरच्या टीमच्या हाती घालवतो, त्याची तुलना करायची. शिवाय प्रत्येक इंटरसेप्शनपुढे लिहायचं — चूक कुणाची.

निखिलची चार इंटरसेप्शन्स मी पुन्हा पुन्हा पाहिली. बॉल थेट माझ्या छातीशी आलेला. माझ्या हातांवर आदळला, उडाला आणि समोरच्याने झेलला. चारही वेळा. लांबून निखिलला काय दिसणार? पण मला... मला मैदानातच कळलं नव्हतं का? कळलं होतं.

चारही ठिकाणी मी लिहिलं: थ्रो चुकला.

मला माझी जागा टिकवायची होती. इतकं क्षुद्र. दुपारी त्याचे थ्रो झेलायचे आणि घरी येऊन ते शीट भरायचं, असे कितीतरी दिवस गेले.

कोचने रेकॉर्डिंग्ज उघडलीसुद्धा नाहीत. त्याचा माझ्यावर विश्वास होता. निखिल दोस्ती निभावायला माझ्याकडेच बॉल टाकतो, असा त्याने अर्थ काढला. निखिलला तसं सांगून त्याने जागा डीनला दिली.

दुसऱ्या दिवशी निखिल पार्कात आला. मास्क खाली ओढून म्हणाला, "सॉरी यार. मी सारखा तुलाच शोधत बसायचो. तुझापण गेम बिघडवला मी."

मी म्हणालो, "नो वरीज."

तो थोडंसं हसला. बॉल माझ्या हातात ठेवून गेला आणि पुन्हा कधी खेळायला आला नाही.

पुढचा सीझन मी पूर्ण खेळलो.