कांताबाईचा कायदा

कांताबाई मला कधी आवडली नाही. घाटंजीकडच्या आमच्या गावात कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी तिची आणि टोळीत कायदाही तिचाच. पूर्वी गाठोड्यांची अदलाबदल व्हायची, झिंज्या धरून भांडणं व्हायची. म्हणून तिनं ठरवलं, जिचं गाठोडं तिनंच वजनकाट्यापर्यंत न्यायचं, दुसरीनं हात लावायचा नाही. जमत नसेल तिनं उद्यापासून घरी बसायचं. आणि शेवटचं वजन होईपर्यंत कुणी घरचा रस्ता धरायचा नाही. माझ्या गरोदर बहिणीला तिनं याच कायद्यानं घरी बसवलं. मी ते विसरले नाही.

मग बोंडअळीच्या वर्षात तीच धापा टाकू लागली. पाय सुजले. शिवीसुद्धा अर्ध्यात तुटायची. आम्हाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदयाची झडप गळते, रक्त उलटं फिरतं. नागपूरला एका ट्रस्टच्या खर्चानं जांघेतल्या शिरेतून नळी घालून झडपेला चिमटा बसवला. छाती उघडलीच नाही. महिनाभर जड उचलायचं नाही, एवढी ताकीद घेऊन ती परत आली.

आणि महिना सरायच्या आत वेचायला हजर! नवरा गेलेला, घर त्याच मजुरीवर चालायचं.

शेत वच्छलाबाईचं. अर्धी बोंडं किडलेली, त्यामुळे तिचं डोकं आधीच फिरलेलं.

"छाती फाडल्याबिगर दिलाचं ऑपरेशन होते काय व? दाखव टाके!"

"तुया मायले दाखवतो," कांताबाई म्हणाली. जांघेतली खूण भर शेतात कोण दाखवणार?

संध्याकाळी काटा लागला. आमची गाठोडी मोजून झाली. तिचं शेताच्या कडेला धुऱ्यावर तसंच पडून होतं. एकीनंही हात पुढे केला नाही. मी तर हाताची घडी घातली. करावं तसं भरावं.

"तुयाच कायदा आहे," वच्छलाबाई म्हणाली. "उचल, नाई तं उद्यापासून येऊ नको."

कांताबाईनं गाठोड्याची गाठ सोडली. ओटीत मावेल तेवढा कापूस घेतला, काट्यापाशी नेऊन टाकला आणि परत गेली. पुन्हा ओटी, पुन्हा काटा. दिवस बुडाला. आमच्या चुली घरी थंड पडलेल्या. एकीनं हळूच पाय काढला तशी ती गरजली, "कुठी चालली, सटवे? मायं वजन व्हायचं आहे!"

येता-जाता तिनं एकेकीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझ्याही. रागानं माझं अंग जळत होतं, तरी एक गोष्ट कानाला कळली. एकही शिवी मध्ये तुटत नव्हती.

वच्छलाबाईलाही ते कळलं असावं. तिचा आवाज एकदम उतरला.

"खरंच सुधरली का व तुयी झडप?"

"थांब ना," ओटी रिकामी करत कांताबाई म्हणाली, "तुया सासरवर तं आलीच नाई मी अजून."