ज्याने भोक पाडलं त्याची खुर्ची

हँगरमध्ये सगळे त्याला जमीनदार म्हणत. जमीन म्हणाल तर त्याच्या नावावर गॅलरीतल्या दोन कुंड्यांपुरती. पण उमेदीची सगळी वर्षं विमानं दुरुस्त करण्यात घालवूनही हा गडी एकदाही विमानातून उडाला नव्हता, म्हणून जमीनदार. कुणी छेडलं तर म्हणे, आचाऱ्याला कधी स्वतःच्या हॉटेलात जेवताना पाहिलंय का? हसून विषय संपे. शिडीवर तो सरसर चढायचा, कारण शिडीचे पाय जमिनीला टेकलेले असतात. टेकायला खाली काही नसलं की मात्र तो घाबरायचा. हे फक्त बायकोला ठाऊक.

त्यांच्या हँगरचं काम बड्या लोकांच्या खासगी विमानांत नवं इंटरनेट बसवण्याचं. जुनी यंत्रणा विमानाच्या पोटाखालून जमिनीवरच्या टॉवरांशी बोलायची. समुद्रावर गेली की मुकी. नवी थेट सॅटेलाइटशी बोलते, तिला अँटेना पाठीवर लागते. म्हणजे विमानाच्या धडधाकट पाठीला भोकं पाडणं आलं. ते काम हँगरमधल्या सर्वांत जुन्या कारागिराचं, वस्तादांचं. त्यांनी ड्रिल उचललं की सगळं हँगर तिसरी घंटा झालेल्या नाट्यगृहासारखं गप्प होई. त्यांचा एक नियम होता, कुठल्याही पुस्तकात नसलेला: ज्याने भोक पाडलं, त्यानेच चाचणीच्या उड्डाणात त्याखालच्या खुर्चीत बसायचं. त्याने हात सरळ चालतो म्हणे. जमीनदार त्यांच्या हाताखाली वायरी ओढायचा, छताची पॅनेलं उतरवायचा, पत्र्याचा कीस टिपायचा. ड्रिलला मात्र शिवायचा नाही.

मग वस्तादांच्या हाताला कंप सुटला. एका सकाळी त्यांनी ड्रिल जमीनदारासमोर ठेवलं. हँगरच्या मालकीणबाईंनी स्वच्छ सांगितलं की वस्तादांची जागा घेणार असशील तर तुझी, नाहीतर मी बाहेरून माणूस आणते. जन्मभर हाताखालचाच राहायचं का, ते त्याचं त्यानेच ठरवायचं होतं.

बायको शाळेची बस चालवायची. रात्रीच्या जेवणात तिने सारं ऐकून घेतलं आणि सुचवलं की नियम वस्तादांचा आहे, सरकारचा नाही. बसवा दुसऱ्या कुणाला तरी. तो ताटात बोटं फिरवत राहिला.

"दुसऱ्याला कसं बसवू? भोक मी पाडणार ना."

"मग अहो, ठरलंय की तुमचं. तोंड का पाडून बसलाय?"

त्याने ते काम केलं. बूट काढून, मोज्यांवर, चामडी खुर्च्यांवर चादरी अंथरून. आतून खूण, बाहेरून खूण, पुन्हा आतून. ड्रिल पत्र्यात शिरलं आणि चांदीसारखा कीस उडाला. आतून जाड पट्टी रिव्हेट मारून बसवली, अँटेना चढवली, फटी बुजवल्या. मग विमानात हवा भरून पाठीवर साबणाचं पाणी फिरवलं. एकही बुडबुडा आला नाही. वस्तादांनी पत्र्यावर थाप मारली. "बाळ-बाळंतीण सुखरूप," ते म्हणाले, आणि खाली उतरताना त्यांनी त्याच्याच खांद्याचा आधार घेतला.

विमानाने जमीन सोडली तेव्हा जमीनदाराने डोळे घट्ट मिटले होते. डोक्यावर त्याचं भोक, पायाखाली काही नाही. चाचणी साधी होती: समुद्रावर जायचं, कुणाला तरी व्हिडिओ कॉल लावायचा आणि विमान दोन्ही अंगांना वळवून तो तुटत नाही ना, ते बघायचं. त्याने बायकोला लावला. मुलांना सोडून ती रिकाम्या बसमध्ये बसली होती.

"चेहरा पांढराफटक दिसतोय," ती म्हणाली. "रंग नीट येत नाहीत की तुम्ही खरंच तसे झालाय?"

"खरंच."

"मग यंत्र झकास चाललंय."

विमान डावीकडे कललं. खिडकीतलं आकाश गेलं, पाणी आलं. त्याची नजर छताला चिकटली. तिने ते पाहिलं आणि विचारलं की विमानाचं छप्पर गळत नाही हे छान झालं, पण आपल्या मोरीतला नळ कधीपासून गळतोय? तो चिडला. नळाला दोष नाही, तू तो पिळून बंद करतेस, म्हणून वॉशर झिजतो, असं त्याने तावातावाने सुनावलं. तीही गप्प बसणारी नव्हती. भांडण आटोपलं तेव्हा वळण संपलं होतं, आणि चित्र एकदाही अडकलं नव्हतं.

मघाशी त्याची अवस्था पाहिलेल्या वैमानिकाने पुढून भल्या मनाने विचारलं, "उजवं वळण राहू देऊ का? डावीकडे टिकलं म्हणजे उजवीकडेही टिकेल. जाऊ या परत."

होय म्हटलं असतं तर हँगरमध्ये कुणाला कळणार होतं? जमीनदाराने खुर्चीचा पट्टा आवळला.

"नाही. उजवीकडेही वळवा. आणि माझ्यासाठी सावकाश नको, नेहमी वळवता तसं वळवा."

विमान कललं. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत, छताकडेही पाहिलं नाही. त्याने फोन खिडकीला लावला. खाली समुद्र उन्हात लखलखत होता आणि एक जहाज, नखाएवढं, मागे पांढरी रेघ सोडत चाललं होतं. कॉल टिकलाय ना, म्हणून त्याने फोन वळवून पाहिलं. ती तशीच बसली होती, स्टिअरिंगवर हनुवटी टेकून, बघत.

"हात थरथरतोय तुमचा," ती हळूच म्हणाली.

"थरथरू दे. तू बघ."