कोंबडा कापल्याशिवाय घाट नाही

माझ्या मोठ्या जाऊबाई रिसोलत यांच्याबद्दल लिहायचं तर गाडीपासूनच सुरुवात करावी लागते. गाडी गेल्या वर्षी द्राक्षं उतरवायच्या दिवसांत आली. पांढरी, सात माणसांची, साबणाची वडी उभी ठेवावी तशी. मोठे भावोजी तुर्सुनअली चार वर्षं रशियात, समाराला बांधकामावर आहेत. त्यांनी तिथूनच घ्यायला लावली. आमच्या ह्यांचा एक डोळा वेल्डिंगच्या ठिणगीने गेलेला, त्यांना परवाना मिळत नाही. मग चालवायची कुणी? सासूबाई आठ दिवस गप्प होत्या. नवव्या दिवशी म्हणाल्या, "रिसोलतला शिकू दे. गाडी काय अंगणात अंडी घालणार आहे?"

ताई कोकंदला जाऊन शिकल्या आणि पहिल्याच परीक्षेत पास झाल्या. त्या दिवशी तंदूरात नान थापताना मला हळूच म्हणाल्या, "मुअत्तर, कुणाला बोलू नकोस. मी हे आईसाठी शिकले."

त्यांची आई घाटापलीकडे, अंग्रेनला. कामचिकचा घाट चढायचा, बोगदा ओलांडायचा, पलीकडे उतरायचं. तीन तासांची वाट. दोन वर्षांपूर्वी म्हातारीचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. भाऊ फोन तिच्या तोंडासमोर धरतो, ती नुसती बघते. ताई इकडून बोलत राहतात, "आई, आज भोपळ्याचं सारण भरून मंती उकडली होती. आई, धाकटीचे पुढचे दात पडले." फोन ठेवला की ओढणीच्या टोकाने फोनची काच पुसतात, जसं काही तिच्यावरच काहीतरी सांडलंय.

गाडी नव्हती तेव्हा सासूबाई त्यांना वर्षातून एकदा तरी भाड्याच्या गाडीने माहेरी पाठवत. गाडी आली आणि तेही बंद झालं. ताईंनी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा सासूबाईंनी चहाचा प्याला खाली ठेवला.

"दारात स्वतःची गाडी, आणि तू तीन परक्या पुरुषांत दाटीवाटीने बसून जाणार? मोहल्ला विचारेल, तुर्सुनअलीची गाडी काय भिंतीवर काढलेली आहे?"

"मग आपलीच नेते ना, आई."

"ने की. पण रक्त काढल्याशिवाय गाडी घाट चढणार नाही."

आमच्याकडे नव्या गाडीच्या नावाने कोंबडं नाहीतर मेंढा कापतात, पुढच्या चाकाला रक्ताचं बोट लावतात आणि शेजाऱ्यांना जेवू घालतात. गावात फिरायला तशी हरकत नसते. लांबच्या वाटेला मात्र ते झाल्याशिवाय कुणी निघत नाही. आणि सुरी मालकाच्या हातात हवी. मालक समारात! नवरोजला येतो म्हणाले, मग रोज्यांच्या ईदला येतो म्हणाले, मग कापूस वेचणीला.

सासूबाईंना हट्टी म्हणणं सोपं आहे. सासरे नवा ट्रक घेऊन घाईघाईत त्याच घाटाने गेले, तेव्हा बोगदा नव्हता. कोंबडं परत आल्यावर कापू म्हणाले होते. बर्फात ट्रक सापडला तो तिसऱ्या दिवशी. त्या वेळी आमचे हे अंगावर पीत होते. म्हणून ह्या बाबतीत सासूबाईंना कुणी उलट बोलत नाही. मीही नाही.

इकडे ताईंनी गाडी अशी सांभाळली की पाळण्यातलं मूल सांभाळावं. पहाटेच्या नमाजानंतर त्या ओलं फडकं घेऊन बाहेर. आधी काचा, मग दिवे, मग चाकांच्या खाचांतली माती काडीने काढायची. गाडीबरोबर आलेली पुस्तिका त्यांनी इतक्यांदा वाचली की पानं सुटी झाली. पहिले हजार किलोमीटर गाडी पळवू नका असं तिच्यात लिहिलं होतं, तर ताई गाढवगाडीच्या मागून गेल्या पण पुढे काढली नाही. तेलाची पट्टी काढून पुसायची, परत बुडवायची, उजेडात धरून बघायची. हिवाळ्यात इंजिन गरम होईपर्यंत शेजारी उभ्या राहून पुटपुटायच्या. मला वाटायचं दुवा म्हणतायत. एकदा कान दिला तर म्हणत होत्या, "चल गं माझी बाई, चल."

सीटवरचं कारखान्यातलं प्लास्टिक तेवढं कुणी काढू दिलं नाही. "मालक येईल, तो काढील," सासूबाई म्हणाल्या. उन्हात मांड्या चिकटायच्या, उठताना फराफरा आवाज व्हायचा, आणि पोरं त्या आवाजावरून एकमेकांना नको ते म्हणायची. धाकटीने चालत्या गाडीत सरकतं दार उघडलं तेव्हापासून ताईंनी आतली कडी बंद करून टाकली. आता दार फक्त बाहेरून उघडतं. म्हणजे आत बसलेल्याला उतरवायचं तर दर वेळी आधी ताई उतरणार. दिवसातून तीसदा.

कारण गाडी घरची कुठे राहिली होती! मोहल्ल्यात दुसरी गाडी नाही अशातला भाग नाही, पण त्या पुरुषांच्या. बायकांना बसायला सोयीची ही एकच. आमच्या शेजारच्या हसियत खाला तर फाटक न वाजवता थेट गाडीपाशीच उभ्या राहायच्या.

"रिसोलत, पोरी, जरा दवाखान्यापर्यंत."

"खाला, तुमचं जरा म्हणजे दहा किलोमीटर असतं."

"मग काय झालं? तुला कुठे पायांनी जायचंय?"

पाळणे, रुखवताच्या पेट्या, पिठाची पोती, बाळंतिणी, मयताला जाणाऱ्या म्हाताऱ्या, सगळं त्या गाडीतून गेलं. नाही म्हणायचं तर आमच्याकडे तशी पद्धत नाही. म्हाताऱ्या उतरताना दुवा देतात, आणि दुवा दिल्यावर माणूस बांधलाच गेला. एका संध्याकाळी ताईंनी मला गाडीत बोलावून आकडा दाखवला. बारा हजार किलोमीटर.

"अंग्रेनला चाळीस वेळा जाऊन आले असते गं. घाण्याचा बैलसुद्धा मला हसेल."

हसल्या त्याच. मला हसू आलं नाही, कारण माझ्यापाशी एक गोष्ट दडवलेली होती. ती इथे लिहिणं भाग आहे.

जर्दाळूला फुलं आली तेव्हा, मंगळवारी कुराण वाचायला गेले असताना, मी आमच्या ओतिनबीबींना विचारलं होतं. मोहल्ल्यातल्या बायकांना धर्माचं त्याच शिकवतात. त्या म्हणाल्या, "रक्त गाडीला लागत नाही, अल्लाला पोचत नाही. नियत पोचते. भुकेल्याला जेवू घाला, दुवा करा, निघा. आणि मनाला बरं वाटत असेल तर कापा कोंबडं, पण मालकच हवा असं कुणी सांगितलं? बिस्मिल्ला म्हणून बाईनेही सुरी धरलेली चालते."

हे मी त्याच दिवशी वहीत उतरवलं आणि वही मिटून टाकली. घरात बोलले नाही. सासूबाईंना धर्म शिकवायला मी कोण, असं मनाला सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. ताई माहेरी गेल्या तर तंदूर, गाय, सासूबाईंचं औषध, पाच पोरं, सगळं माझ्या गळ्यात. तीन महिने मी हे पोटात ठेवलं आणि रोज पाच वेळा नमाज पढत राहिले.

तुती गळायला लागल्या तेव्हा अंग्रेनहून ताईंच्या भावाचा फोन आला. आई दोन दिवस घोट गिळत नाही, म्हणाला. ताईंनी फोन ठेवला, उठल्या, फडकं घेतलं आणि धुतलेलीच गाडी पुन्हा पुसायला लागल्या. एकच काच. कितीतरी वेळ तीच.

दुपारी जेवणाच्या कापडाभोवती आम्ही तिघी बसलो. मी म्हणाले, "आई, ओतिनबीबी म्हणाल्या की सुरी बाईनेही धरलेली चालते."

"कधी म्हणाल्या?"

"जर्दाळूच्या फुलात."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी वहीत काय लिहिणार?

सासूबाई म्हणाल्या, "आता तू मला शिकवणार? तुझ्या सासऱ्यांना बर्फातून काढलं तेव्हा तुझ्या ओतिनबीबी होत्या का तिथे?"

"नव्हत्या, आई."

"मग?"

सासूबाईंनी नानचा तुकडा मोडला, चहात बुडवला, आणि तो चहातच विरघळला तरी त्या बघत बसल्या. मग उठून गेल्या. ताईंनी भांडी गोळा केली. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना चहा ओतला, माझा प्याला तेवढा रिकामा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नमाजाआधी हातपाय धुवून, वजू करून उठते तर अंगणात फडफड. सासूबाई लाल कोंबडा बगलेत धरून गाडीपाशी उभ्या होत्या.

"मुअत्तर, सुरी आण. हात तुझा, नियत त्याची. रिसोलत, लाव फोन तुझ्या नवऱ्याला."

भावोजी नुकतेच उठले होते, डोक्यावर कामाची टोपी उलटी. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. गाडीचं रक्त काढतेय. बिस्मिल्ला म्हण."

"आई, इथे सगळे झोपलेत—"

"मग हळू म्हण!"

ताईंनी फोन कोंबड्यासमोर धरला. मी सुरी लावली, बिस्मिल्ला म्हटलं, आणि त्याच क्षणी फोनचं चित्र गोठलं. भावोजी तोंड उघडं टाकून तसेच. कोंबडा शांत झाला तरी भावोजी आ वासलेलेच. आम्ही दोघी सासूबाईंकडे बघत राहिलो.

सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, खूप वेळ निरखला. शेवटी म्हणाल्या, "तोंड उघडं आहे. म्हणजे म्हणालाच असणार." आणि वाकून स्वतःच्या बोटाने चाकाला रक्त लावलं.

कोंबड्याचा रस्सा मोहल्ल्यात वाटला आणि ताई निघायला लागल्या, तर सासूबाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या. "मीही येणार. मुअत्तर, तूही चल, घाटात मला मळमळलं तर." मला पोरांना ह्यांच्या हवाली करावं लागलं. वर हसियत खाला खिडकीशी आल्या, "संध्याकाळच्या आत या हं, भाचीची पेटी पोचवायचीय." ताई हो म्हणाल्या. काय करणार!

घाटात गाडी रडत चढली. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. सासूबाई एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर होत म्हणाल्या, "खाली तंदूर पेटवलाय का?" ताईंनी दोनदा थांबवलं, सासूबाईंना उतरवलं, सीट उचलून इंजिनाला वारा दिला, पुस्तिकेत लिहिलंय तेवढी मिनिटं थांबल्या, एक कमी नाही. दुसऱ्यांदा थांबलो तिथे सासूबाई कठड्याशी गेल्या आणि खाली दरीत बघत राहिल्या. आम्ही दोघींनी हात पसरून दुवा केली. मग बोगदा, आणि बोगद्यात सासूबाईंनी ताईंची बाही धरून ठेवली.

अंग्रेनला पोचलो तेव्हा दुपार टळत होती. म्हातारी गादीवर, एवढीशी झालेली. ताई तिच्यापाशी बसल्या न बसल्या तोच भावजयीने आमच्यापुढे कापड पसरलं, पाहुणे आम्ही, आणि माहेरवाशीण असली तरी सासू बरोबर आलेली, म्हणून ताईच उठून चहा ओतायला लागल्या. प्याला मला, प्याला सासूबाईंना, पुन्हा प्याला. घड्याळ पुढे चाललेलं. खालांचे दोन फोन येऊन गेले.

निघायची वेळ झाली तेव्हा ताई म्हणाल्या, "आईला गाडी दाखवते." भावाने म्हातारीला उचलून मधल्या सीटवर ठेवलं. प्लास्टिक कुरकुरलं, म्हातारीने कसंसं तोंड केलं. ताईंनी तिला परत उचलायला लावलं, आणि दोन्ही हातांनी त्या सीटचं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं. मग तिला बसवलं, स्वतः शेजारी बसल्या. भावाने सवयीने दार सरकवून लावून टाकलं आणि तो घरात गेला.

मी काचेतून बघत होते. ताई चमच्याने चहा पाजत होत्या, काहीतरी बोलत होत्या. भोपळ्याची मंती असेल, दात असतील. म्हातारीच्या घशाची हालचाल दिसली. एकदा, मग अजून एकदा.

सासूबाई दाराशी गेल्या. त्यांनी मुठीवर हात ठेवला. दार फक्त बाहेरून उघडतं हे त्यांना माहीत. पिशवीतला फोन वाजला, खालांचाच. सासूबाईंनी तो वाजू दिला. हात मुठीवर तसाच ठेवून त्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, जशा काही कुणाची वाट बघतायत. तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, असरची बांग झाली तरी हलल्या नाहीत. मी बाहेर ओट्यावर नमाज पढून आले तरी तशाच. मग एकदाच म्हणाल्या, "चल, रिसोलत," आणि दार सरकवलं.

खालांच्या भाचीची पेटी आम्हाला अंधार पडल्यावर पोचवावी लागली आणि खाला जे बोलायचं ते बोलल्या. भावोजींचा फोन आला तो, यंदा वेचणीला जमत नाही हे सांगायला.

आज पहाटे ताई फडकं घेऊन नेहमीसारख्या बाहेर होत्या. त्यांनी आधी माझ्यासाठी चहा ओतून ठेवला होता. खाला पिशवी घेऊन आल्या, "पोरी, जरा दवाखान्यापर्यंत." ताईंनी फडकं ठेवलं, दार सरकवलं. मधली उघडी, मऊ सीट बघून खालांनी तिच्यावर टेकायला पाय वर घेतला.

ओट्यावरून सासूबाई ओरडल्या, "त्या सीटवर नको. मागे बस."

खाला मागे बसल्या. प्लास्टिक कुरकुरलं. ताईंनी दार लावलं आणि गाडी दवाखान्याच्या रस्त्याला घेतली.